वच्छीला गोळी लागू पडेनाशी झाली

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मलेरिया पाहावा’. मी अर्धा तास स्लाइड पाहत होतो आणि मलेरियाचा एकही जंतू सापडला नव्हता. जे दिसत होतं ते पाहून मी दोनदा उठून खिडकीशी गेलो, डोळे पुसले, परत येऊन बसलो. दिसणारं बदललं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात लॅबोरेटरी टेक्निशियन होतो. लॅबोरेटरी म्हणजे एक खोली, एक टेबल, एक मायक्रोस्कोप. मायक्रोस्कोपला वीज नव्हती. खाली आरसा असे, तो फिरवून खिडकीतलं ऊन काचेवर घ्यायचं. ढग आले की काम थांबायचं.

स्लाइडवर रक्ताचा एक थेंब पसरून जांभळा रंग दिला की पेशी ओळखू येतात. पांढऱ्या पेशी तशा थोड्या असतात, शोधाव्या लागतात. इथे शोधावं लागत नव्हतं. जिथे पाहावं तिथे मोठाल्या, गोल, एकसारख्या पेशी. यांना ब्लास्ट म्हणतात. ब्लास्ट म्हणजे कच्ची पेशी. ती हाडांच्या आतल्या मगजात तयार होते आणि पिकल्याशिवाय बाहेर रक्तात येत नाही. कच्च्याच पेशी बाहेर लोटू लागल्या तर तो ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. नागपूरला शिकताना मी त्याची एकच स्लाइड पाहिली होती, तीही रांगेत उभं राहून.

मी डॉक्टर केळकरांना बोलावलं. ते पुण्याकडचे, उंच, बोलायला तुटक. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही.

“वय काय?”

“सहा, सर. मुलगी आहे.”

“हिला दोन महिने क्विनीन देतायत गावात,” ते म्हणाले. “दुसरी स्लाइड करा. रंग नीट द्या.”

“तिसरी आहे सर ही.”

ते खुर्चीवर मागे टेकले. “मुंबईला पाठवू स्लाइड. आपण दोघं चुकलेले असलो तर बरंच आहे.”

आम्ही चुकलो नव्हतो.

मुलीचं नाव वत्सला. घरात वच्छी म्हणत. जऊळका स्टेशनावर उतरून दीड कोस चालत गेलं की त्यांचं खेडं. वडील महादेव, थोडी जमीन, ज्वारी आणि कपाशी. आई सुभद्राबाई. रंग गेलेली, हिरड्यांतून रक्त येणारी पोर तिने कडेवर आणली होती आणि कडेवरून खाली ठेवायला ती तयार नव्हती. मुंबईचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवलं. महादेव म्हणाला, “सायेब, हिवतापच हाये ना? मोठ्ठा हिवताप?”

“हिवताप नाही. रक्ताचा आजार आहे. मुंबईत नवी औषधं आली आहेत. उद्याच निघा.”

“कापूस येचाचा हाये सायेब. आठ दिवसानं...”

सुभद्राबाई पहिल्यांदा बोलली. “कापूस तुमी येचा. मी जातो इले घेऊन.”

आणि ती गेली. अकोल्याला गाडी बदलून, कधी न पाहिलेल्या मुंबईला, सोबत फक्त एक म्हातारा मामा.

दोन महिन्यांनी त्या माय-लेकी परत आल्या तेव्हा मी वच्छीला ओळखलंच नाही. कॉर्टिसोनच्या जातीच्या औषधाने तोंड चंद्रासारखं गोल झालं होतं, आणि ती चालत आली होती. मी बोटाला सुई टोचली, स्लाइड केली. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. ब्लास्ट एकही नाही. मी आणखी शंभर मोजल्या. नाही.

सोबत मुंबईच्या प्रोफेसरांचं पत्र होतं. त्यात एक शब्द अधोरेखित केलेला, रेमिशन. डॉक्टरांनी तो सुभद्राबाईला नीट समजावला. “आजार दबलाय. गेला नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका. रोज एक गोळी द्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. दर गुरुवारी इथे रक्त तपासायला आणायचं.”

“दबला म्हंजे किती दिवस दबून राहीन?”

डॉक्टरांनी पत्र पुन्हा चाळलं. उत्तर पत्रातही नव्हतं.

गोळी मर्कॅप्टोप्युरिनची. ती काम कशी करते ते सोपं आहे. पेशीला एकाच्या दोन व्हायला काही माल लागतो. ही गोळी त्या मालासारखीच दिसते. पेशी फसून तो खोटा माल आत घेते आणि मरते. ज्या पेशी वेगाने वाढतात त्या जास्त फसतात, म्हणून ब्लास्ट आधी मरतात. माझं काम एवढंच, दर गुरुवारी मोजायचं आणि आकडे पोस्टाने मुंबईला पाठवायचे.

एवढंच म्हणतो, पण मंगळवारपासून माझं कशात लक्ष लागत नसे. इतर कुणाच्या लघवीत साखर आहे की नाही हे पाहतानाही डोक्यात गुरुवार. बुधवारी मी स्लाइडच्या काचा पुन्हापुन्हा धुवायचो. बायको म्हणायची, तुमचा पाय सारखा हलतो. हलत असेल.

गुरुवारी सकाळच्या गाडीने त्या येत. वच्छी आता टोचायला बोट स्वतःच पुढे करी, पण तोंड दुसरीकडे वळवून. एकदा तिने विचारलं, “रक्तवाले भाऊ, माह्या रक्तात काय दिसते तुमाले?”

मी तिला स्टुलावर उभं केलं आणि पाहू दिलं. तिने दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला.

“मसूर हाये सारा,” ती म्हणाली.

लाल पेशी मसुराच्या डाळीसारख्याच दिसतात. इतकी वर्षं पाहून मला ते सुचलं नव्हतं.

सहा महिने सगळं चांगलं गेलं. वच्छी गावच्या शाळेत पहिलीत बसू लागली. तोंडाचा गोलपणा उतरला. सुभद्राबाईने माझ्या बायकोसाठी एकदा तुरीच्या शेंगा आणल्या. डॉक्टर केळकर तर आता रिपोर्ट वाचायच्या आधीच पाकिटावर पत्ता लिहून ठेवत.

श्रावणातला एक गुरुवार. आभाळ भरलेलं. आरसा कितीही फिरवला तरी काचेवर उजेड नीट पडेना. मी मोजत होतो. सत्तराव्या-बहात्तराव्या पेशीपाशी थांबलो. ती इतरांपेक्षा मोठी होती. आतला गाभा फिकट. लिंफोसाइट नावाची एक चांगली पेशी असते, तीही कधीकधी अशी मोठी दिसते, विशेषतः पोराला सर्दी-ताप होऊन गेला असला तर. वच्छीला आठवड्यापूर्वी सर्दी झाली होती.

माझ्या रजिस्टरमध्ये पाच प्रकारच्या चांगल्या पांढऱ्या पेशींचे पाच रकाने होते आणि सहावा ब्लास्टचा. एका पेशीसाठी सहाव्या रकान्यात आकडा लिहायचा म्हणजे मुंबईला तार, त्या बाईची झोप उडवायची. मी ती लिंफोसाइटमध्ये घातली. बाहेर बाकावर वच्छी पाटीवर काहीतरी गिरवत होती.

“बरं हाये ना भाऊ?” सुभद्राबाईने विचारलं.

“बरं आहे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी तीच स्लाइड काढून ती पेशी शोधली. सापडली. उन्हातही मला ठरवता आलं नाही. मी स्लाइड पेटीत ठेवून दिली आणि कुणाला काही बोललो नाही. तो आठवडा मी कसा काढला ते सांगत बसत नाही. रोज वाटायचं, डॉक्टरांना सांगावं. रोज वाटायचं, आता सांगितलं तर ते विचारतील, काल का नाही सांगितलं?

पुढच्या गुरुवारी शंभरात नऊ ब्लास्ट निघाले. यात शंका नव्हती.

मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि टेबलावर आपटला.

“गोळ्या देत नाहीत हे लोक! पोर हिंडू-फिरू लागली की झालं, औषध बंद. मी शंभरदा पाहिलंय. बोलवा बाईला.”

सुभद्राबाई आत आली. डॉक्टर उभेच होते.

“गोळी रोज देता?”

“देतो ना.”

“खरं सांगा. किती दिवस चुकले?”

“एक बी नाई चुकला.”

“मग आजार परत कसा आला? हे बघा, इथे लिहिलंय. आजार परत आलाय!”

अशा रीतीने तिला ते कळलं. ती हलली नाही. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“मी काहून न देईन, डॉक्टरसायेब?” ती म्हणाली. “माही पोर हाये थे.”

मग ती बाहेर गेली, वच्छीचा हात धरला आणि स्टेशनाकडे चालू लागली. मी मागून दोन पावलं गेलो आणि थांबलो.

परत आलो तर डॉक्टर पत्र लिहीत होते. पेशंटने डोस चुकवले आहेत, सबब आजार उलटला आहे, असं काहीसं. मी दारातच थांबलो. कारण त्या पत्रावर पुढचं सगळं अवलंबून होतं. गोळ्या चुकल्या म्हणून आजार उलटला असेल तर उपाय सोपा, त्याच गोळ्या पुन्हा नीट द्या. मुंबईचे प्रोफेसर तसंच कळवतील. पण गोळ्या चुकल्या नसतील तर अर्थ वेगळा. म्हणजे ब्लास्टवर त्या गोळीचा इलाज चालेनासा झाला. याला रेझिस्टन्स म्हणतात. मग तीच गोळी दिलेला प्रत्येक आठवडा वाया, ताबडतोब दुसरं औषध सुरू करायला हवं.

“सर, एक दिवस थांबता?” मी म्हणालो. “मी गावात जाऊन पाहून येतो.”

“काय पाहणार? ती म्हणेल देते, तुम्ही म्हणाल बरं.”

“एकच दिवस, सर.”

त्यांनी पेनचं टोपण लावलं. “उद्या संध्याकाळच्या टपालाने हे जाणार. काहीही झालं तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी जऊळक्याला उतरलो. चिखल तुडवत गावात पोचलो तेव्हा महादेव औताला बैल जुंपत होता. मला पाहून त्याने जू खाली ठेवलं.

“या,” तो म्हणाला. “पोट्टीच्या गोया आमी इकून खाल्ल्या का थे पाहाले आले?”

सुभद्राबाई दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने मला बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. चपला घातल्या आणि म्हणाली, “चला.”

ती मला शाळेत घेऊन गेली. देवळाच्या बाजूला एक खोली, त्यात चार इयत्ता. वच्छी पहिल्या रांगेत बसली होती. मला पाहून तिने सवयीने बोट पुढे केलं आणि पोरं हसली. मास्तर पन्नाशीचे, टोपी घातलेले. सुभद्राबाई दाराबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, भाऊले थे दाखवा.”

मास्तरांनी कपाट उघडलं. खडूच्या डब्यामागून औषधाची बाटली काढली. मग हजेरीपट उघडला. वत्सलाच्या नावापुढे रोजच्या घरात बारीक अक्षरात ‘गो’ लिहिलेलं होतं. रोज.

“हे काय आहे, मास्तर?”

“गोळी,” ते म्हणाले. “मुंबईहून आल्यावर बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, मले वार-तारीख समजत नाई, वावरात गेलो तं ध्यान राह्यत नाई, चुकली तं पोर जाईन. तुमी रोज हजेरी घेता, तवा तिले गोयी द्या. सुट्टीच्या दिवशी आणि गुरुवारी गाडीआधी माझ्या घरी घेऊन येतात. एकदा पूर आला होता, नाला भरून वाहत होता, तर पोरीला खांद्यावर घेऊन आल्या.”

मी पानं उलटत गेलो. एकही घर रिकामं नव्हतं. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, हजेरीपटाशी बरोबर जुळल्या.

बाहेर येऊन मी सुभद्राबाईला म्हणालो, “काल तिथेच का नाही सांगितलं?”

“सांगतलं असतं तं मानलं असतं का तुमी?”

आम्ही परत निघालो. मला राहवेना. मी तिला जमेल तसं सांगितलं. गोळीने आजारी पेशी मरत होत्या. पण लाखोंमध्ये काही अशा होत्या की ज्या फसल्या नाहीत. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, आणि आता त्याच वाढतायत. गोळी रोज दिली तरी.

ती चालता चालता थांबली. “म्हंजे माही चूक नाई?”

“नाही.”

तिने मान हलवली. काल डॉक्टरांसमोर आलं नव्हतं ते पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती रडली आणि मी छत्री हातात धरून तसाच उभा राहिलो. माझी चूक मी तिला तेव्हा सांगायला हवी होती. नाही सांगितली.

दुपारच्या गाडीने वाशीमला आलो तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत. हजेरीपटाची हकिगत सांगितली. मग मी पेटीतून आधीच्या आठवड्याची स्लाइड काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“सर, अजून एक आहे. ही मी गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी पाहिली होती. लिंफोसाइटमध्ये घातली.”

त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं आता नोकरी गेली.

“मीही कदाचित लिंफोसाइटच म्हटलं असतं,” ते म्हणाले. “पण तुम्ही मला विचारलं नाहीत, इंगोले.”

“नाही सर.”

“का?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

मी स्लाइड पेटीत परत ठेवू लागलो. त्यांनी लिहिलेलं पत्र फाडलं. “तार करा मुंबईला. गोळ्या नियमित, आजार उलटला, औषध बदलावं का. आणि माझी चूकही काही लहान नाही.”

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, ‘ताबडतोब घेऊन या’. निघताना सुभद्राबाई दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टर केळकर खुर्चीवरून उठले. त्यांना एखाद्या पेशंटसाठी उठताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“बाई, मी तुम्हाला नको ते बोललो. माझं चुकलं.”

ती गोंधळली. “तुमी मुंबईले तसं लिवलं तं नाई ना?”

“नाही.”

“मंग झालं,” ती म्हणाली. “गाडी चुकन माही.”

मुंबईत दुसरं औषध सुरू केलं. ते पेशीला वेगळ्या रीतीने फसवतं. जिच्यावर पहिलं चालत नाही तिच्यावर दुसरं चालू शकतं. चाललंही. महिन्याभरात ब्लास्ट गेले. पण या औषधाने तोंडात फोड आले, वच्छीला आठवडाभर भाकरी गिळवेना, ताक पिऊन राहिली. घरी आल्यावर पुन्हा गुरुवार सुरू झाले. या वेळी मी प्रत्येक स्लाइडवर दोनशे पेशी मोजत होतो, शंकेची एकही पेशी दिसली की डॉक्टरांना हाक मारत होतो. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते म्हणाले, “इंगोले, बसा आधी.” बसणं मला जमत नव्हतं.

पहिला उतार सहा महिने टिकला होता. हा चार टिकला. माघात पुन्हा ब्लास्ट दिसले, या वेळी पहिल्याच पेशीला मी सहाव्या रकान्यात लिहिलं. मुंबईकडे तिसरं काही फारसं नव्हतं. पुन्हा कॉर्टिसोनच्या जातीचं औषध दिलं. पहिल्यांदा त्याने आठ दिवसांत रंग पालटला होता, या वेळी जेमतेम ताप उतरला. प्रोफेसरांनी लिहिलं, आता मुलीला घरी राहू द्यावं.

वच्छी चैत्रात गेली, दिवसा, घरात, आईच्या मांडीवर. मधल्या काळात ती पहिलीची परीक्षा देऊन आली होती. मास्तरांनी निकाल घरी नेऊन दिला. पास होती. हे मला महादेवने सांगितलं. तो मुद्दाम वाशीमला आला होता. जाताना म्हणाला, “त्या दिवशी मी तुमाले बोल्लो. मनात ठेवू नका.” मग मी त्याला माझ्या त्या स्लाइडबद्दल सांगितलं. सगळं. त्याने ऐकून घेतलं.

“एक हप्ता आधी समजलं असतं, तं वाचली असती का?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. तेच खरं होतं.

मला स्वस्थ बसवेना म्हणून मी हाच प्रश्न मुंबईच्या प्रोफेसरांना पत्र लिहून विचारला. असल्या पत्राला ते उत्तर देतील असं वाटलं नव्हतं. चार ओळी आल्या. एका आठवड्याने बहुधा फरक पडला नसता. आज आमच्याकडे औषधं एकामागून एक देण्यापलीकडे मार्ग नाही आणि पेशी एकेक औषध पचवत जातात. तरीही पुढच्या वेळी शंका असेल ती लिहीत जावी.

पुढे काही वर्षांनी ती औषधं एकदम, एकत्र द्यायला सुरुवात झाली, म्हणजे एका औषधाला न फसणारी पेशी दुसऱ्यात सापडते. आता यातली बरीच मुलं पूर्ण बरी होतात, लग्नं करतात. ऐकलं की आनंद होतो आणि मग वच्छी आज किती वर्षांची असती ते मी मोजतो.

त्या चार ओळी आल्या त्याच दिवशी मी रजिस्टरमध्ये पट्टी धरून सातवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘शंका’. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या रजिस्टरमध्ये तो आखत आलो. बहुतेक दिवस रिकामाच असे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं.

“हा कोणत्या नियमात आहे?”

“कोणत्याच नाही, साहेब,” मी म्हणालो. “पण लागतो.”